शिक्षक शाळा सोडून का जातात? सर्वेक्षणाचे आकडे कसे वाचावेत

जूनमध्ये शाळा उघडते आणि मूल घरी येऊन सांगतं, "अम्मी, गणिताच्या मॅडम गेल्या, आता नवीन सर आलेत." दर वर्षी असं होऊ लागलं की पालक हैराण होतात. संस्थाचालक म्हणतात, हल्लीचे शिक्षक टिकतच नाहीत. शिक्षक म्हणतात, आधी पगार बघा. यात खरं काय, हे नीट विचारून मोजता येतं. ते कसं, हे आज आपण पाहूया.

अमेरिकेतली पद्धत

अमेरिकेत नॅशनल सेंटर फॉर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्स ही सरकारी संस्था १९८७-८८ पासून शाळा आणि शिक्षकांचं नमुना सर्वेक्षण करत आली आहे. त्याची खासियत म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा केली जाणारी चौकशी. आधी शाळेकडून कळतं की मागच्या वर्षीचा शिक्षक आज कुठे आहे. मग त्या शिक्षकालाच प्रश्नावली जाते. शिकवणाऱ्यांसाठी एक, शिकवणं सोडलेल्यांसाठी वेगळी.

त्यातून तीन गट पडतात: त्याच शाळेत राहिलेले, दुसऱ्या शाळेत गेलेले आणि शिक्षकी पेशाच सोडलेले. २०१२-१३ मध्ये सरकारी शाळांतले सुमारे ८४ टक्के शिक्षक जागेवर राहिले, ८ टक्क्यांनी शाळा बदलली आणि ८ टक्क्यांनी पेशा सोडला.

शाळेच्या दृष्टीने १६ टक्के शिक्षक गेले, पण पेशाच्या दृष्टीने ८ टक्केच. म्हणून "शिक्षक टिकत नाहीत" असं म्हणताना कुठे टिकत नाहीत, हे आधी विचारायला हवं.

कारणं काय दिसली

पेशा सोडलेल्यांपैकी सुमारे ५१ टक्के जणांनी सांगितलं की, कामाचा बोजा सांभाळणं आताच्या ठिकाणी जास्त सोपं आहे. म्हणजे प्रश्न नुसत्या पगाराचा नव्हता.

२००७-०८ मध्ये नव्याने लागलेल्या शिक्षकांचा पाच वर्षं माग घेतला गेला. पहिल्या वर्षी ज्यांना मार्गदर्शक शिक्षक दिला होता, त्यांच्यापैकी ८६ टक्के पाचव्या वर्षीही शिकवत होते. ज्यांना दिला नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण ७१ टक्के होतं. पण यावरून मार्गदर्शकामुळेच ते टिकले, असं छातीठोक म्हणता येत नाही. मार्गदर्शक देणाऱ्या शाळा मुळातच बऱ्या असू शकतात. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही.

आपल्याकडे काय करता येईल

आपल्या देशात यू-डायस प्लसमध्ये शाळा दर वर्षी शिक्षकांची संख्या, पात्रता, नेमणुकीचं स्वरूप अशी माहिती भरतात. ही माहिती मोलाची आहे, पण ती शाळेने दिलेली असते. सोडून गेलेल्या शिक्षकाचं मन त्यात उमटत नाही. ते काम शाळेलाच करावं लागेल.

समजा, एखाद्या शाळेत २५ शिक्षक आहेत आणि वर्षभरात चार गेले. एक निवृत्त झाले, एकाला जिल्हा परिषदेत कायम नोकरी लागली, एक मॅडम लग्नानंतर दुसऱ्या गावी गेल्या आणि एकाने बिनपगारी महिन्यांना कंटाळून राजीनामा दिला. गळती १६ टक्के, पण शाळेला थांबवता आली असती अशी जाणारी व्यक्ती एकच. इलाज तिथेच करायचा.

त्यासाठी एवढं करावं:

- मागच्या तीन वर्षांची यादी करावी. एका वर्षाच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.
- गेलेल्या शिक्षकांना सहा महिन्यांनी फोन करून विचारावं. राजीनाम्यात "वैयक्तिक कारण" एवढंच लिहिलेलं असतं.
- विचारणारा माणूस मुख्याध्यापक किंवा संस्थाचालक नसावा. नाव गुप्त राहील, ही हमी द्यावी.
- जे टिकले त्यांनाही विचारावं. दोघांच्या उत्तरांतला फरकच कामाचा असतो.
- उत्तर न देणारे किती, हेही लिहून ठेवावं. बरेचदा सर्वांत नाराज माणूसच गप्प राहतो.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. अनुदानित शाळांत या समितीचं काम सल्ला देण्यापुरतं असतं, पण प्रश्न विचारायला तेवढंही पुरेसं आहे. पुढच्या बैठकीत आपण एवढंच विचारूया: गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक गेले, आणि त्यांना कुणी कारण विचारलं का?