‘समाजस्वास्थ्य’ खटला आणि समलिंगी व्यक्तींच्या समतेचा प्रश्न

समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा विचार भारतात अगदी अलीकडे, तोही पाश्चात्त्यांच्या अनुकरणाने सुरू झाला, असा समज रूढ आहे. मराठी नियतकालिकांचा इतिहास पाहता तो टिकत नाही. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली मुंबईत सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या निधनापर्यंत चालले. संततिनियमनाच्या प्रचाराबरोबरच वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देणे हे त्याचे प्रमुख कार्य होते.

या कार्यात कायद्याचा अडसर दुहेरी होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगत होते; आणि अश्लीलतेविषयीचे कलम २९२ त्यासंबंधी लिहिणाऱ्यासही आरोपी ठरवू शकत होते. इंग्रजी जाणणाऱ्यास हॅवलॉक एलिस यांचे ग्रंथ तरी मुंबईत मिळू शकत. वऱ्हाडातील वणीसारख्या तालुक्याच्या गावी केवळ मराठी वाचणाऱ्यास तो मार्ग नव्हता. भाषेतही त्याची अडचण होती. एकीकडे ‘कामसूत्रा’तील ‘तृतीया प्रकृति’ ही पंडितांपुरती उरलेली संज्ञा, तर दुसरीकडे बोलीतील शिव्या. स्वतःविषयी सभ्यपणे विचारता येईल असा शब्द या दोहोंच्या मध्ये क्वचितच सापडे. कर्व्यांच्या प्रश्नोत्तरांचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानी येते.

हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच उत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर खटला झाला. १९३१ साली त्यांना एकदा दंड झालेलाच होता. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. विकृत प्रश्नांना उत्तरेच का द्यावीत, या आक्षेपावर त्यांचे म्हणणे असे की, विकृती असलीच तर ती ज्ञानावाचून अन्य कशाने दूर होणार? समलिंगी आकर्षण काहींच्या ठायी जन्मजात असते, हे एलिस यांचे मतही त्यांनी पुढे मांडले. न्यायालयाने हा युक्तिवाद मानला नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

तथापि हे केवळ येथील मागासलेपण नव्हते. एलिस यांच्या या विषयावरील ग्रंथाच्या विक्रीवरून लंडनमध्ये १८९८ साली खटला झाला होता. आणि बर्लिनमधील माग्नुस हिर्शफेल्ड यांची संशोधनसंस्था नाझी विद्यार्थ्यांनी मे १९३३ मध्ये लुटली होती.

पुढील घटना लक्षणीय आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत आंबेडकरांनी ‘सांविधानिक नीती’चा पुरस्कार केला. त्या भाषणाचा विषय अर्थातच निराळा होता. परंतु २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ मर्यादित करताना त्याच विचाराचा आधार घेतला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी मात्र प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. खटल्यात हरलेल्या वकिलाचा विचार अशा रीतीने ८४ वर्षांनी न्यायासनावरून मान्य झाला.

समतेचा प्रश्न तेवढ्याने संपला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. शिक्षा गेली, तरी वारसा व कुटुंब यांविषयीचे संरक्षण अद्याप मिळावयाचे आहे. आणि वणीच्या बाजारपेठेत वा शाळेत मूळ शिवीच कानी पडत असेल, तर कर्व्यांनी हाती घेतलेले काम अपुरेच राहिले, असे म्हणावे लागते.