गुलामाची शिकवण आणि रोमचा सम्राट
इ. स. पू. १५५ मध्ये कार्नेआडीस, डायोजेनिस व क्रिटोलाउस हे ग्रीक तत्त्वज्ञ अथेन्सचे दूत म्हणून रोमला आले. त्यांच्या व्याख्यानांनी रोमन तरुण भारावून गेले. तेव्हा ज्येष्ठ केटोने सिनेटमध्ये आग्रह धरून त्यांची त्वरेने पाठवणी करविली. परंतु त्यांचे विचार रोममध्ये रुजलेच. पुढे, पूर्वायुष्यात गुलाम असलेल्या एपिक्टेटस या स्टोइक आचार्याची शिकवण सम्राट मार्कस ऑरेलियसने (इ. स. १६१–१८०) शिरोधार्य मानली आणि आपले चिंतनही ग्रीक भाषेतच लिहिले. विवेक सर्व मनुष्यांत आहे, असे स्टोइक मत सांगते. तथापि याच सम्राटाच्या राज्यात गुलामगिरी कायम राहिली. समता अंतःकरणात मानली गेली, समाजरचनेत उतरली नाही. धम्माच्या अभ्यासकांनी हा बोध ध्यानी घ्यावा.