एक ट्रंक, एक खुंटी: बीडीडी चाळीतून कॉलेजला जाताना काय घालायचं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोललोय तसंच ठेवलंय, त्यामुळे मध्येच गाडी रुळावरून घसरली तर सांभाळून घ्या.

जून-जुलै आला की आपल्या इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. अॅडमिशन झालं, आता रोज कपडे कुठले घालायचे? शाळेत युनिफॉर्म होता, सुटलो होतो. यावर रील्स भरपूर आहेत. पण मला वाटलं, हा प्रश्न आपल्या मुंबईत शंभर वर्षं कोणी कसा सोडवला ते बघू. आणि त्यासाठी वरळीच्या बीडीडी चाळीसारखी जागा नाही.

थोडी पार्श्वभूमी. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, त्याची ही चाळ. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी, सगळ्या मिळून २०७ इमारती, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, इमारतीत ८० खोल्या, संडास मजल्यावर सामाईक. खोली १६० चौरस फुटांची. आता या खोलीत आठ-दहा माणसं कल्पना करा आणि सांगा, ‘वॉर्डरोब’ ठेवणार कुठे? तो म्हणजे खाटेखालची पत्र्याची ट्रंक, दारामागची खुंटी आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेली दोरी. बस्स.

आपली गोष्ट मात्र वरळीच्या आधी परळला सुरू होते. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहणारा एक मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजला जायचा. भीमराव आंबेडकर. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिन्याला २५ रुपये शिष्यवृत्ती दिली, त्यासाठी शब्द टाकला कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी बोललं जातं ते हे, की त्याच कॉलेजातले प्राध्यापक म्युलर त्यांना वाचायला पुस्तकं द्यायचे आणि अंगावर घालायला कपडेही. म्हणजे राज्यघटनेच्या शिल्पकाराचा कॉलेजचा पोशाख काही अंशी मास्तरांनी दिलेला होता. १९१२ साली ते बी. ए. झाले.

यात मला भावुक व्हायचं नाहीये. मला पुढचा टप्पा जास्त महत्त्वाचा वाटतो. १९१८ साली तेच आंबेडकर, कोलंबियात शिकून आलेले, सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. अंगात सूट. आणि तरीही काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, की यांनी स्टाफच्या माठातलं पाणी घेऊ नये. कपड्यांनी सगळं बदलतं असं कोणी सांगितलं तर हा माठ आठवा. पण कपड्यांना अर्थच नाही असंही नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांसमोर भाषण केलं, त्यात लुगडं नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे दागिने बदला असं सांगितलं. का? कारण नेसणं बघून लोक जात ओळखत होते. फाटकं चालेल, पण स्वच्छ असू द्या, हा आग्रहही होताच. निळ्या सुटातला पुतळा बघताना हे डोक्यात ठेवा. तो सूट नुसती फॅशन नाही.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट, अगदी गिरणगावातली. ३१ जुलै १९२१ रोजी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींनी विदेशी कपड्यांची होळी पेटवली. इतिहासाच्या पुस्तकात ही ओळ आपण पाठ करतो. पण ज्याच्याकडे एकच धड कोट आहे त्याने काय करायचं? खादी तेव्हा मिलच्या कापडापेक्षा महाग पडायची. होळीत टाकायला आधी दुसरा जोड लागतो ना!

असो. दुसऱ्या महायुद्धात तर कापडच रेशनवर गेलं. मग १९४६ साली आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज काढलं. वर्ग सकाळी लवकर, म्हणजे नोकरी करणाऱ्या पोरांना शिकून कामावर जाता यावं. आता यात कपड्यांचा संबंध काय? तर सकाळी लेक्चर आणि तिथूनच थेट ऑफिस, मधे घरी येऊन कपडे बदलायची सोय नाही. एकच पोशाख दोन्हीकडे चालला पाहिजे. पांढरा किंवा फिका शर्ट, गडद पँट. आज ज्याला ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ म्हणतात ना, तेच. फक्त कोणी नाव दिलं नव्हतं.

पण हे दोन जोड टिकवायचे कसे, ही खरी कारागिरी. कापड मिलच्या दुकानातून सवलतीत किंवा कटपीस. घरात चार मुलं असली तर एकाच ताग्यातून सगळ्यांना, म्हणून दिवाळीच्या फोटोत भावंडं एकाच छापाची दिसतात. छत्तीस इंची पन्ह्याचं साधारण सव्वादोन मीटर कापड म्हणजे एक पूर्ण बाह्यांचा शर्ट. शिंप्याला बजावून सांगायचं, शिवणीत माया जास्त सोड. हा शब्द मला फार आवडतो. मुलगा वाढला की माया उसवायची, धाकट्याला द्यायची तेव्हा परत आत घ्यायची. कॉलर विरली की उसवून उलटी करून शिवायची, अजून दोन वर्षं निघतात. धुताना नीळ, मग भाताच्या पेजेची खळ. इस्त्री नसेल तर तांब्यात निखारे घालून तोच कपड्यावर फिरवायचा, नाहीतर घडी घालून रात्रभर गादीखाली. घरात कोणाच्या आजोबांना विचारा, पँटची क्रीज गादीखालची होती की नाही ते.

मुलींचं गणित वेगळं. साडीला माप नसतं, त्यामुळे आईची साडी लेकीला, लेकीची वहिनीला. ट्रंक एकच पण नेसणाऱ्या तिघी. पुढे पंजाबी ड्रेस आले, ते कॉलेजला धावत बस पकडायला सोयीचे होते, पण प्रत्येकीला आपल्या मापाचा वेगळा शिवावा लागला. सोय वाढली, वाटून घेणं संपलं. जुने झालेले कपडे बोहारणीला देऊन भांडं घ्यायचं; ती ते दुरुस्त करून पुढे विकणार. म्हणजे रिसेल अॅप चाळीत आधीपासून होतं, डोक्यावर टोपली घेऊन फिरायचं.

मग टेरीलीन आणि टेरीकॉट आलं. साठच्या दशकात त्याचा रुबाब होता, सत्तरीत सगळ्यांना हवंच होतं. पटकन वाळतं, इस्त्रीची कटकट नाही. १६० चौरस फुटांत पावसाळ्यात यापेक्षा सोयीचं काय? पण इथे मला जरा थांबायचंय. वरळीत बाप कुठल्यातरी मिलमध्ये सुती कापड विणतोय, आणि भिवंडी-सुरतेच्या यंत्रमागांचं स्वस्त कापड बाजारात येतंय. मिलमालकही स्वतःच्या शिक्क्याखाली यंत्रमागाचं कापड विकू लागले होते. पोरगा कॉलेजात जे मिरवायचा, त्यातलं किती बापाच्या मागावरचं होतं? पोराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे तेवढेच पैसे होते.

१८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. मिलची दुकानं, सवलतीचं कापड, पगारावर चालणारी उधारी, सगळं एकदम आटलं. पुढे लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. तिथे आज कपडे विकले जातात, विणले जात नाहीत.

बरं, मग तुम्ही यंदा काय घ्यायचं? मी स्टायलिस्ट नाही, पण चाळीच्या हिशोबाने सांगतो. जुलैत घरात दोरीवर वाळेल असं आधी घ्या. जाड जीन्सला दोन-दोन दिवस लागतात आणि वास येतो तो वेगळाच, त्यामुळे एक जीन्स पुरे, दुसरी पँट पातळ कापडाची. दोन पँटी, पाच टॉप किंवा शर्ट, सगळे एकमेकांवर जाणारे. तीनशेचा टॉप सहा वेळा घालून विटला तर एका वेळचे पन्नास रुपये पडले. नऊशेचा नव्वद वेळा टिकला तर दहा. फॅशन स्ट्रीटला भाव करा, पण आधी कपडा उलटा करून शिवण बघा. हिंदमाताला कापड घेऊन शिवून घेणं अजूनही जमतं, आणि तिथे माया सोडायला सांगता येते. रेडीमेडमध्ये ती शोधूनही सापडत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी बीडीडीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फूट. म्हणजे बहुतेकांच्या घरात पहिल्यांदाच कपाटाला जागा होईल. त्या ट्रंकांचं काय झालं, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. तुमच्या घरी असेल तर आजीला नाहीतर आईला विचारा: कॉलेजच्या पहिल्या दिवशी काय घातलं होतं, आणि ते कोणाचं होतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.