आयेल्ट्सच्या तोंडी चाचणीतील उत्तर : सुरुवात व शेवट

आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा १९८९ पासून घेतली जाते. तिच्या तोंडी चाचणीचा सध्याचा तीन भागांचा साचा २००१ पासूनचा. एक परीक्षक, एक परीक्षार्थी, ११ ते १४ मिनिटे, आणि सगळे संभाषण ध्वनिमुद्रित. ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांना सारखेच वजन असते. उत्तराची सुरुवात कशी केली आणि शेवट कसा, याला वेगळे गुण नाहीत. त्याचा परिणाम दिसतो तो मुख्यतः सुसंगतीवर.

पहिल्या भागात घर, काम, आवडीनिवडी असे ओळखीचे प्रश्न येतात. तिथे पहिल्याच वाक्यात उत्तर यावे. स्वयंपाक आवडतो का, असे विचारल्यावर ‘नॉट रिअली, बट आय मेक टी फॉर द होल हाउस एव्हरी मॉर्निंग’ एवढे म्हटले की पुढची दोन वाक्ये आपोआप सुचतात. ‘दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन’ ही क्लासमध्ये घोटवलेली सलामी एखाद्या वेळी खपते. प्रत्येक उत्तराला तीच आली, की पाठांतर उघडे पडते; ते ओळखण्याचे परीक्षकांना प्रशिक्षणच असते.

खरी कसोटी दुसऱ्या भागाची. हाती विषय लिहिलेले क्यू कार्ड, टिपणासाठी कागद-पेन्सिल, तयारीला एक मिनिट आणि मग एक ते दोन मिनिटे एकट्याने बोलणे. मराठी शाळांतल्या वक्तृत्व स्पर्धांची सवय इथे आडवी येते. व्यासपीठाला वंदन करून सुरू होणारे आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ असे म्हणत खाली बसणारे भाषण त्या खोलीत शोभत नाही. ‘मदत करणारी व्यक्ती’ असा विषय असेल तर ‘माय अंकल टॉट मी टु स्विम, दो ही वॉज अ पुअर स्विमर हिमसेल्फ’ ही सुरुवात पुरे. माणूस आला, प्रसंग आला, आणि ऐकणाऱ्याला पुढचे ऐकावेसे वाटले. शेवट कुठे करायचा, हे बहुधा कार्डच सांगते: त्यावरची अखेरची ओळ ‘का’ किंवा ‘कसे वाटले’ असे विचारणारी असते, म्हणून तो मुद्दा मागे राखावा. दोन मिनिटे झाली की परीक्षक मध्येच थांबवतो. त्याने गुण जात नाहीत, त्यामुळे समारोपाचे वाक्य कोंबण्याची घाई व्यर्थ. नुकसान होते ते चाळिसाव्या सेकंदाला ‘दॅट्स ऑल’ म्हणून गप्प बसण्याने.

तिसरा भाग चर्चेचा. तिथे आधी मत, मग कारण. ‘इट डिपेंड्स’ चालते, पण कशावर अवलंबून आहे हे लगोलग सांगावे लागते. उतरत्या सुरात वाक्य संपले की बोलणे झाले हे परीक्षकाला कळते, आणि तो पुढचा प्रश्न विचारतो.