आलमबाग ते मुंबई : अंतर कोणी मोजले?

लखनौच्या आलमबागेतून मेट्रोने निघाले की पाचव्या स्थानकावर अमौसीचा विमानतळ येतो. तेथून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे १,१८० किलोमीटर. विमानाला सव्वादोन ते अडीच तास लागतात, पुष्पक एक्स्प्रेसला जवळपास एक अहोरात्र. प्रवासाची वेळ घड्याळ सांगते. अंतराचा आकडा मात्र कोणीही फीत ताणून मिळवलेला नाही. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीचा आकार यांवरून तो गणिताने काढतात. हा आकार ठरवण्याच्या इतिहासातील एक थांबा आपल्या हिंगणघाटला आहे.

विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून काम आरंभले. ७८ अंश रेखांशाच्या आसपास त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७७.२८ किलोमीटर ठरवली (१८३०). उपग्रहयुगातील मूल्य ६,३७८.१४. म्हणजे लखनौ-मुंबई अंतरात फरक पडतो तो दीडशे मीटरच्या आतबाहेर! साखळ्या, थिओडोलाइट आणि जंगलातला हिवताप एवढ्या सामग्रीवर साधलेली ही अचूकता मला आजही थक्क करते. डोंगरमाथ्यावर झेंडे धरून उभ्या राहिलेल्या देशी खलाशांची नावे मात्र त्रिज्येच्या आकड्यात कोठे दिसत नाहीत.

खरा पेच पुढेच होता. मुझफ्फरनगरजवळील कल्याणा आणि सिरोंजजवळील कल्याणपूर या ठाण्यांच्या अक्षांशांतील फरक ताऱ्यांवरून एक आला, त्रिकोणांवरून दुसरा. तफावत ५.२३६ विकलांची, जमिनीवर सुमारे १६० मीटर. एवढी चूक त्रिकोणांत असणे संभवत नव्हते. मग ओळंबाच तिरका असेल काय? कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या आकर्षणाचे गणित मांडले, तर उत्तर आले १५.८८५ विकला, म्हणजे तफावतीच्या तिप्पट. एवढा प्रचंड पर्वत, पण ओळंबा ओढतो अगदी थोडा! १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी तोडगा सुचवला : पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ असते आणि पर्वत त्यावर, पाण्यातील हिमनगासारखा, जड द्रव्यात तरंगतो. जागांमधील अंतर मोजायला निघालेल्या सर्वेक्षणातून भूकवचाच्या संतुलनाचा सिद्धान्त निघाला तो असा.

वैमानिकांना देशोदेशींचे वेगवेगळे आधारपृष्ठ परवडणारे नव्हते; म्हणून १ जानेवारी १९९८ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीने डब्ल्यूजीएस-८४ हे एकच प्रमाण स्वीकारले. अंतर असे स्थिर झाले, वेळ मात्र झाली नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वाहणारा उंचावरील पश्चिमी झोत लखनौकडे येणाऱ्या विमानाला पाठीमागून रेटतो आणि मुंबईकडे निघालेल्याला अडवतो. विद्यार्थ्यांनी जानेवारीतील दोन्ही दिशांच्या उड्डाणांच्या प्रत्यक्ष वेळा शेजारी ठेवून पाहाव्यात.