पायरी आणि शिलालेख

आमच्या हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी नावाचे गाव आहे. संत नामदेव इथले, असे परंपरा सांगते. जन्म इ. स. १२७०, वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा धंदा शिंप्याचा. काही अभ्यासक जन्मस्थान पंढरपूर धरतात. तो वाद आज बाजूला ठेवू. मला आपल्यापुढे मांडायचे आहे ते निराळेच. देवापुढे श्रीमंत कसा वाकतो, आणि गरीब कसा?

याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. तिथला गाभारा तळघरात. अरुंद वाटेने, अंग चोरून खाली उतरावे लागते. संस्थानिक असो की रोजंदारीवरचा मजूर, ताठ मानेने तिथे जाता येत नाही. या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. राज्याच्या हुकुमांवर स्वतःच्या नावाऐवजी 'श्रीशंकर' लिहिणारी ही बाई. सत्ता हाती असून असे वागणे सोपे नव्हे.

आता याच देवळाची दुसरी कथा. नामदेवांना पुजाऱ्यांनी कीर्तनातून हाकलले, ते मागच्या बाजूला जाऊन बसले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले! देऊळ फिरल्याचा पुरावा इतिहासाच्या विद्यार्थ्याने कुठून आणावा? पण जातीमुळे हाकलल्याची तक्रार नामदेवांच्या नावावरील एका पदात आहे, आणि ते पद शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात जपलेले आहे. गावाचे नाव मात्र त्यात नाही.

नामदेवांचे आयुष्य पुढे पंढरपूरशी बांधले गेले, तेव्हा आपणही तिकडे जाऊ. विठ्ठलाच्या देवळात 'चौऱ्याऐंशीचा लेख' म्हणून एक शिळा आहे. इ. स. १२७३ ते १२७७ या काळात देवळाला कोणी काय दिले, याची ती नोंद. देवगिरीचा राजा रामदेवराव यादव तिच्यात आहे, हेमाद्री पंडित आहे. राजा स्वतःला तिथे पंढरीच्या फडाचा मुख्य म्हणवतो. नामदेव त्या वेळी पाचसात वर्षांचे पोर. दानशूरांची नावे टिकावीत म्हणून दगडावर कोरली. पण या शिळेला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत पडली. मग काय, शतकानुशतके वारकऱ्यांच्या पाठींनी ती अक्षरे झिजवली.

नामदेवांनी दगडावर नाव मागितले नाही. महाद्वाराची पहिली पायरी मागितली, येणाऱ्याजाणाऱ्याची पायधूळ लागावी म्हणून. इ. स. १३५० मध्ये ते तिथेच समाधिस्थ झाले, असे वारकरी मानतात.

पण इथे जरा थांबले पाहिजे. पायरी व्हायचे नामदेवांनी आपणहून ठरवले. चोखोबांना कोणी विचारले होते? ते महार. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून इ. स. १३३८ मध्ये ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. आपणहून वाकणे वेगळे आणि वाकवले जाणे वेगळे. आपण मात्र दोन्हींना सरसकट नम्रता म्हणत आलो.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कुठे ते देऊळ अस्पृश्यांना खुले झाले. तोवर चोखोबांच्या जातीचा वारकरी समाधीपर्यंत येई, तिथूनच हात जोडी, आणि पुढची पायरी न चढता घरची वाट धरी.