दोष मनुष्याचा कीं पद्धतीचा ?

माल सदोष निघाला म्हणजे त्याचें खापर कोणाच्या माथीं फोडावें, हा प्रश्न कारखानदारीइतकाच जुना आहे. विसाव्या शतकांत त्याला तीन निरनिराळीं उत्तरें मिळालीं.

पहिलें उत्तर अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याचें. १९११ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, प्रत्येक कामाची एक सर्वोत्तम रीत असते. ती तज्ज्ञानें घड्याळ लावून शोधावी व कामगारानें निमूटपणें पाळावी. अंदाजपंचें चालणाऱ्या कामाला त्यामुळें शिस्त आली. परंतु विचार करणारा एक आणि राबणारा दुसरा, अशी फूटही पडली.

दुसरें उत्तर वॉल्टर श्यूहार्ट याचें. टेलिफोनचीं यंत्रें बनविणाऱ्या कारखान्यासाठीं त्यानें १६ मे १९२४ रोजीं एक साधा आलेख मांडला. सुगरणीच्या हातच्या दोन भाकऱ्याही तंतोतंत सारख्या नसतात. मग यंत्राचा माल तरी कसा असावा? ठराविक मर्यादेंतील फरक हा पद्धतींतच मुरलेला असतो. मर्यादा ओलांडली तरच विशेष कारण शोधावें, हें त्याच्या आलेखाचें मर्म. प्रा. महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्यें तो भारतांतही येऊन गेला.

तिसरें उत्तर युद्धानें होरपळलेल्या जपाननें दिलें. श्यूहार्टचा अनुयायी एडवर्ड्स डेमिंग यानें १९५० सालीं तेथें व्याख्यानें दिलीं. बी पेरलें त्यानें. पण जमीन आधींच नांगरलेली होती. साकिची टोयोडाच्या १९२४ च्या मागाचें सूत तुटलें कीं माग आपोआप थांबे. तेंच तत्त्व पुढें टोयोटाच्या मोटार-कारखान्यांत आलें, आणि दोष दिसतांच काम थांबविण्याचा अधिकार कामगाराला मिळाला. १९६२ पासून कामगारांचीं गुणवत्ता-मंडळें निघालीं. टेलरनें तोडलेले हात आणि डोकें येथें पुन्हा जुळलें.

उतारवयांत डेमिंग आपल्या व्याख्यानांतून एक खेळ करून दाखवीत असे. पेटींत ४००० मणी. त्यांपैकीं ८०० तांबडे, म्हणजे सदोष. ५० खळग्यांच्या फळीनें ‘कामगारानें’ केवळ पांढरे मणी काढावयाचे. त्याला शाबासकी द्या, बक्षीस द्या वा दटावा. सुमारें दहा तांबडे मणी येतच. तपासनीस ते मोजीत. पण मोजल्यानें पेटींतले कमी होत नसत.

मनुष्याकडून हयगय होत नाहीं असें नव्हे. परंतु त्याला शिक्षा करण्यापूर्वीं मालकानें आधीं पेटी उघडून पाहावी, हाच या इतिहासाचा बोध आहे.